चौथा टोला

मास्टर फोलराटच्या गाडीचं मागचं चाक नदीकाठच्या चिखलात आसाच्या तुंब्यापर्यंत रुतलं, आणि त्याच्या तोंडून अशी शिवी बाहेर पडली की गाडीचे घोडेसुद्धा थबकले.

"ढकला रे! आयतं खाऊन अंगं सुजलीत तुमची. ढकला!"

आयतं काय, कष्टाचंही खाण्याजोगं काही आमच्या फौजेत उरलं नव्हतं. तरी त्याचे गोलंदाज खाली उतरले आणि त्यांनी चाकाला खांदे लावले. आम्ही बाया मागून लोटत होतो. मी होते, दारू-पाव विकणारी म्हातारी ट्रीने होती, आणखी दोघी-तिघी होत्या. बर्फ वितळायला लागलं होतं. त्यावरून दक्षिणेचं उबदार वारं फिरलं की पडतं तसं धुकं पडलं होतं. सकाळ कधीच उलटली होती, पण हात लांब केला तर बोटं दिसेनात. समोर वेर्ना नदी होती हे पाण्याच्या आवाजावरून कळत होतं, एवढंच.

सम्राटाच्या फौजेने आम्हाला डोंगरापलीकडे झोडपलं होतं, आणि तेव्हापासून आम्ही मागे सरकत होतो. थोडं चालायचं, वळून लढायचं, पुन्हा चालायचं. इथे नदीला उतार होता, पाणी कमरेइतकं. पलीकडे गेलो की वाचलो, हे एकच वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी. मला मात्र पलीकडे जायचं नव्हतं. माझा नवरा हार्मेन अलीकडेच होता, मागे कुठेतरी, पिछाडीत. फौज नदी ओलांडेपर्यंत कुंपणाआडून गोळ्या झाडत शत्रूला थोपवून धरायचं काम त्याच्या तुकडीवर होतं.

ही तुकडी म्हणजे आमच्या हेल्मवर्त गावचे लोक. आम्ही मुळात या फौजेचे नव्हतोच. शरदात या फौजेने आमचं गाव घेतलं, आणि गावाच्या तटावर जे उभे होते त्यांना सांगितलं, एक तर आमच्या झेंड्याखाली या, नाही तर समोरच्या झाडाखाली. हार्मेन होडीवाला माणूस. त्याने झेंडा निवडला. मी माझं धोपाटणं आणि साबणाचं मडकं घेतलं आणि त्याच्यामागोमाग निघाले. शिपायांचे कपडे कुणीतरी धुवायलाच हवेत.

"आणखी एकदा!" फोलराट ओरडला.

गाडी हलली, कलंडली, आणि तिच्यावरची ताडपत्री घसरून माझ्या डोक्यावर आली. ती बाजूला सारून मी वर पाहिलं.

गाडीत उखळी तोफ आहे असं आम्हाला सांगितलं होतं. तोफ नव्हती. गवतात आडवी पडलेली घंटा होती. तिच्या काठाला ओतीव माशांची रांग होती, आणि त्यातल्या एका माशाला शेपूट नव्हतं.

"ही आमची आहे," मी म्हणाले.

"ताडपत्री ओढ," फोलराट म्हणाला.

"ही हेल्मवर्तची घंटा आहे. तुम्ही तर सांगितलं होतंत की ती वितळवली."

"सांगितलं होतं. नाही तर तुझ्या गाववाल्यांनी एखाद्या रात्री माझा गळा चिरून ती पळवली असती." त्याने नाकाचं पाणी बाहीला पुसलं. "गाव पडलं की गावची घंटा गोलंदाजांची. हा रिवाज माझ्या आजोबांच्या आधीपासूनचा आहे, परटिणी. माझ्या गावची अशीच कुणीतरी नेली. तिथला मनोरा मोकळा आहे. ही तिथे चढवीन आणि मगच मरेन."

"आधी पलीकडे तरी ने तिला," ट्रीने म्हणाली. "मरायचं काय, ते इथेही जमेल."

तेवढ्यात धुक्यातून एक लेफ्टनंट घोड्यावरून आला. कोवळा होता, आवाज बसला होता, पण हुकूम पक्का पाठ होता. त्याच्यामागे एका गाडीत कुठल्या कुठल्या खेड्यांतून उचललेले लोखंडी दात्यांचे कुळव रचले होते. शेवटची तोफ पार झाली की ते दाते वर करून उतारात टाकायचे. मग त्यावरून ना घोडा येऊ शकणार, ना माणूस.

"मास्टर, तुमची गाडी सोडा. घोडे तोफांना जुंपा आणि ही... ही वस्तू पाण्यात ढकला. शत्रूच्या हाती धातू लागता कामा नये. कर्नलसाहेबांचा हुकूम आहे."

फोलराटचा चेहरा मी पाहिला. मरून गेलेल्या बैलाकडे शेतकरी बघतो तसा तो घंटेकडे बघत होता.

"आणि पिछाडी?" मी विचारलं.

लेफ्टनंटने आवाज कुणाचा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. "पिछाडीला परतीचा ढोल केव्हाच वाजवला. ते आले नाहीत."

"ते येणारच नाहीत ढोलावर! परवा शत्रूने आपला ढोल चोरून वाजवला, आणि एक अख्खी तुकडी परतीचा ढोल समजून त्यांच्या तलवारींत चालत गेली. तेव्हापासून आमची माणसं ढोलाला हसतात."

"मग मी काय करू, बाई? धुक्यात जाऊन एकेकाला हाक मारू?"

त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. लांब कुठेतरी बंदुकांचा आवाज आला, ओल्या लाकडाच्या तडतडीसारखा. डावीकडून की उजवीकडून, कळेना. धुक्यात तसंच होतं. आमच्या मागे दलदल होती, नदीला वळणं होती, आणि उतार मात्र एकच होता. माझी माणसं त्या पांढऱ्यात आंधळ्यांसारखी चाचपडत होती.

मी फोलराटकडे वळले. "मास्टर, ही नदीत जाणारच आहे ना? मग जाण्याआधी तिला बोलू द्या."

"काय?"

"धुक्याचे टोले. आमच्याकडे धुकं पडलं की होड्यांसाठी घंटा वाजते. गावचं शेंबडं पोरसुद्धा ते टोले ओळखतं. त्यांना कळेल, इकडे या. दुसऱ्या कुणाला वाटेल, कुठल्या तरी देवळात प्रार्थना चाललीय."

"तिला आतला लोळा नाही. मी काढून टाकलाय."

"मोगर आहे ना तुमच्याकडे? लाकडी?"

फोलराटने लेफ्टनंटकडे पाहिलं आणि एकाएकी तो फार आज्ञाधारक झाला.

"साहेब, हुकूम शिरसावंद्य. पण ही अशी ढकलता येणार नाही. गाडी चिखलात बसलीय. आधी उचलायला हवी. तिकाटणं उभं करावं लागेल."

"किती वेळ?"

"तुमच्या शेवटच्या तोफा पार होतील तेवढा."

लेफ्टनंटला शंका आली असणार. पण त्याच्यामागे तोफांचे घोडे पाण्यात अडून खिंकाळत होते, आणि तो तिकडे गेला.

तोफ गाड्यावरून उचलायला गोलंदाज तीन जाड वासे वर एकत्र बांधून उभे करतात. खाली कप्पी आणि दोर. त्या माणसांनी हे काम इतक्या वेळा केलं होतं की एकमेकांशी बोलावंही लागलं नाही. वासे पाण्याच्या कडेला रोवले, दोर ताणला, आणि आमची घंटा गवतातून वर आली, स्वतःभोवती एक गिरकी घेऊन थांबली. तिच्या पोटातून गवताच्या काड्या गळल्या.

"लोखंड लावलंस तर फुटेल," मोगर माझ्या हाती देत फोलराट म्हणाला. "काठावर मार. माशांच्या जरा वर. आणि लवकर आटप."

मी मारला. आवाज मनोऱ्यातल्यासारखा नव्हता. जाड, खालचा, घोंगडीतून आल्यासारखा. पण तिचाच होता. पोटातून थेट तळपायापर्यंत गेला.

तीन टोले लागोपाठ. मग हळू एक. मग मोठा खंड. पुन्हा तीन, आणि हळू एक.

"हा शेवटचा कशाला?" फोलराटने विचारलं. "वाया जातोय. कुणाला ऐकू जाणार तो?"

"तो असतोच."

"बरं बाई, असेल."

मी वाजवत राहिले. खंडात सगळे कान देऊन उभे राहात. पाणी. घोडे. दूर बंदुका. पुन्हा तीन आणि एक. लवकरच माझ्या लक्षात आलं की बंदुकांचा आवाज हलतोय. आधी तो आमच्या पाठीमागे होता, आता उजवीकडे, आणि बारीक होत चालला होता.

"लांब जातायत," ट्रीने म्हणाली. म्हातारीच्या कानांना काही झालं नव्हतं.

"नाही."

"गेशे, जातायत लांब. तुझ्या घंटेला घाबरून पळतायत."

माझे खांदे भरून आले होते. मला कळेना की मी काय चुकतेय. टोले तेच होते. धुकं म्हणजे पहाट, आणि पहाटे मी कायम नदीवर धुण्याच्या पायऱ्यांवर. जन्मभर ऐकलेले टोले. मी आणखी जोरात मारले, तर फोलराटने माझं मनगट धरलं.

"फुटली तर आहे तो आवाजही जाईल. आधी वाजवत होतीस तशीच वाजव. घाई ऐकू येते."

म्हणून मी घाई सोडली. सोपं नव्हतं. आत सगळं धावत होतं आणि हाताला चालायला लावायचं होतं. तीन. हळू एक. खंड. शेवटची तोफ पाण्यात उतरली. तिच्या चाकांचा खडखडाट तळाच्या दगडांवरून पलीकडे निघाला. कुळवांची गाडी काठाशी येऊन उभी राहिली.

"मास्टर!" लेफ्टनंटचा आवाज आला. "उचलून झाली का?"

"झाली साहेब. आता गाठ सोडतोय."

"ती गाठ मगाचपासून सुटतेय."

"ओला दोर आहे, साहेब. फुगलाय."

तीन. हळू एक. आणि त्या खंडात बंदुकीचा एक बार ऐकू आला. जवळ. इतका जवळ की घंटाही किंचित गुणगुणली.

मग पहिला माणूस धुक्यातून बाहेर पडला. डिर्क होता तो, आमच्या गावचा पिंपवाला. त्याच्या कमरपट्ट्याला धरून दुसरा, दुसऱ्याला धरून तिसरा. आंधळ्यांच्या रांगेसारखे. घंटा दिसताच डिर्कने टोपी काढली आणि तिथेच चिखलात गुडघे टेकले. मागचे त्याच्यावर आपटले.

"वितळवली होती हिला," तो म्हणाला. "गेशे, हिला तर वितळवली होती!"

"ऊठ. हार्मेन कुठाय?"

"मागे आहे. तू वाजवत राहा."

ते पाण्यात उतरले. लेफ्टनंटने त्यांना थांबवलं नाही आणि कुळवांना हातही लावू दिला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन. आणखी काही आले. एकाचा जबडा फडक्याने बांधला होता. एकाला दोघांनी भाल्यांवर घालून आणलं होतं. प्रत्येक जण घंटेजवळून जाताना तिला हात लावून जात होता, आणि तळहात टेकला की तिचा आवाज तिथल्या तिथे मरत होता.

"हात लावू नका रे!" मी ओरडले. "मागच्यांना ऐकू जाऊ द्या!"

आता समोरच बार होत होते. गोळ्या पाण्यावरून सूं करून जात होत्या. फोलराटची माणसं वाशांना टेकून बसली, पण दोर कुणी सोडला नाही. तीन. हळू एक. माझ्या तळहाताचं कातडं मोगराच्या दांड्याला चिकटलं होतं.

आणि मग मला एक पाठ दिसली.

माघार घेणारा शिपाई असाच येतो, हे तोवर मी कधी पाहिलं नव्हतं. तोंड शत्रूकडे, पाय आपल्याकडे. तो धुक्यातून उलटा चालत येत होता. एक पाऊल मागे, थांबून बंदुकीत बार भरायचा, झाडायचा, पुन्हा एक पाऊल. मागे वळून बघायला उसंत नव्हती. उतार कुठे आहे ते त्याला पाठीने ऐकावं लागत होतं. डावा खांदा थोडा उतरलेला, वल्ह्यामुळे. तो कोट मी किती वेळा धुतला होता.

मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो वळला असता. मी फक्त वाजवलं. तीन, आणि हळू एक. तो आणखी एक पाऊल मागे आला. मग आणखी. त्याच्या दोन्ही बाजूंना तशाच आणखी पाठी दिसल्या, आणि त्यांच्यापुढे धुक्यात घोड्यांच्या खुरांचा आवाज.

शेवटी त्याची पाठ घंटेला टेकली. तो दचकला, आणि मागे हात नेऊन त्याने तिचा काठ चाचपला. मासे. बोटं एकेका माशावरून सरकली आणि शेपूट नसलेल्यावर थांबली.

"गेशे," तो न वळताच म्हणाला, "आता पुरे."

पुढचं फार भरभर झालं. आम्ही पाण्यात उतरलो. पाणी आता छातीला लागत होतं आणि बर्फाचे तुकडे बरगड्यांवर आपटत होते. हार्मेनने मला कमरपट्टा धरायला लावला. मागून कुळव पाण्यात पडल्याचे आवाज आले, आणि फोलराटचा आवाज, "सोडा." मी मागे पाहिलं तेव्हा तिन्ही वासे मोकळे उभे होते. मला वाटलं होतं पडताना ती एकदा तरी वाजेल. वाजली नाही. फोलराट सर्वांत शेवटी पार झाला, कुळवांच्या कडेने, त्याच्या माणसांनी पलीकडून ताणलेल्या दोराला धरून, आणि काठावर येऊन त्याने रिकामा दोर गुंडाळायला घेतला, नीट, वेटोळ्यावर वेटोळं, भर गोळीबारात.

"मास्टर," मी म्हणाले.

"जा, नवऱ्याचे पाय चोळ," तो म्हणाला. "गोठलेत त्याचे."

वर टेकडीआड ओल्या काटक्यांचा धूर करून आम्ही बसलो होतो. ट्रीनेने तिच्या पिंपाचा तळ उलटा करून प्रत्येकाला घोटभर दिलं आणि प्रत्येकाकडे बघत म्हणाली की ही उधारी ती विसरणार नाही. डिर्कचे दात वाजत होते, पण तो बोलायचा थांबेना.

"ऐकली तेव्हा माझी तर वाचाच गेली. मेलेली घंटा! मग मी नीट कान दिला आणि म्हटलं, पोरांनो, पळा, हा डाव आहे. ढोल चोरला तशी आता घंटा चोरलीय त्यांनी. पकडलेल्या कुणीतरी टोले सांगितलेत, आणि तेही धड सांगितलेले नाहीत."

"धड नाहीत?" मी विचारलं.

"चार होते! आपले टोले तीन. तीन आणि खंड. हे कुणीतरी परकं वाजवतंय, म्हणून मी सगळ्यांना उलट्या बाजूला पळवलं."

"तीन कसे? चार असतात. शेवटचा हळू."

डिर्क माझ्याकडे बघतच राहिला. "गेशे, माझा बाप तो दोर ओढायचा. तीन."

मला भांडायचं होतं. पण हार्मेन हसत होता. पाय माझ्या मांडीवर, ओठ निळे, आणि हसत होता.

"तू सांग ना यांना," मी म्हणाले.

"तीनच असतात," तो म्हणाला. "बाजारात तीन. नदीत होडीवर तीन. फक्त धुण्याच्या पायऱ्यांवर चार. समोरच्या काठावर धान्याचं कोठार आहे ना, त्याच्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो. पहिल्या टोल्याचा पडसाद दुसऱ्याखाली दडतो, दुसऱ्याचा तिसऱ्याखाली. तिसऱ्याच्या पडसादाला दडायला जागाच नाही. लहानपणी आईजवळ तिथे बसायचो तेव्हा मी एकेक मोजून पाहिलंय." त्याने चिमटीने माझ्या बाहीतली गवताची काडी काढली. "डिर्क म्हणाला, परकं कुणीतरी आहे. मी म्हटलं, अरे गाढवा, परका माणूस पडसाद कशाला वाजवील? हे टोले पायऱ्यांवर शिकलेल्या बाईनेच वाजवलेत. आणि आपल्यातली अशी बाई या फौजेत एकच आहे."

ट्रीनेने पिंप खाली ठेवलं. डिर्क धुराकडे बघत बसला. त्याने उलट्या बाजूला पळवलेल्यांपैकी सगळे परत वळले नव्हते. काही जण दलदलीच्या अंगाला गेले होते, त्याचा धाकटा भाऊही. त्यानंतर डिर्क त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही, आणि कुणी त्याला विचारलंही नाही.

युद्ध आणखी बरीच वर्षं चाललं. ते संपल्यावर आम्ही दोघं हेल्मवर्तला परतलो. मनोरा उभा होता. गावाने कुठून तरी एक लहान घंटा मिळवून चढवली होती, बारीक आवाजाची. नदीपलीकडचं कोठार जळून जोत्यापर्यंत आलं होतं. त्यात आता बाभळीसारखं काहीतरी काटेरी उगवलं होतं, आणि शेळ्या चरत होत्या.

शरदातलं पहिलं धुकं पडलं त्या पहाटे मी पायऱ्यांवर होते. खालच्या पायरीला हार्मेनची होडी बांधली होती आणि तो आत बसून जाळ्यातला पाला वेचत होता. घंटा वाजायला लागली.

तीन टोले. मग काही नाही.

मी ओला सदरा हातात धरून उभी राहिले. मला माहीत होतं की भिंत नाही. तरी हात खाली येईना.

पुन्हा तीन.

हार्मेनने जाळ्यातून मान वर केली नाही. नुसतं वल्हं उचललं आणि त्याच्या दांड्याने होडीच्या फळीवर, हळू, एकदाच ठोकलं.